रमेशची ती कोण?

११ फेब्रुवारी
सकाळी बोटं वळंनात एवढी थंडी. सोलरच्या प्लेटा पुसून झाल्या. ऊन चढल्यावर तापल्या काचेवर पाणी मारायचं नसतं, म्हणून दुपार रिकामी. इथं राजस्थानात दुपार लय मोठी असते.
शीतलनं परत प्रश्नांचे फोटो पाठवले. मामाची शीतल. बी.एड.ची सीईटी द्यायलीय. कुणाला तरी समजावून सांगितलं की तिच्या डोक्यात बसतं म्हणे. "तू सातवीतून सुटलास. तुला कळलं म्हंजे मला आलं."
आज गोल टेबल. सहा जण बसलेत, कोण कुणाच्या डावीकडं. जेवणाची ताटं मांडून सोडवलं. चुकलं. ती माणसं आत तोंड करून बसलेली, मी बाहेर धरलेलं. वाळूचं वारं सुटलं की आमी इथं एकमेकांकडं पाठ करूनच बसतो.
कोरं सोडायचं न्हाई, असा तिचा नियम. चुकलं तर मार्क कापत नाहीत. काहीतरी मारायचंच.

१६ फेब्रुवारी
आज शिक्षक व्हायचा कल आहे का, ते बघायचे प्रश्न. दिवाळीनंतर एक मुलगा शाळेत येईना झाला. तुम्ही काय कराल? नाव कमी कराल, पालकांना बोलवाल, घरी जाल, का दुर्लक्ष कराल.
मी दुर्लक्ष मारलं. पुस्तकात घरी जाल.
"दुर्लक्ष कसं काय रे?"
सांगितलं तिला. आई-बाबांसंगं ऊसतोडीला जायचो. परत आलो की हजेरीत नाव तसंच. गुरुजी काहीच विचारायचे नाहीत, बस म्हणायचे. घरी आले असते तर कुलूप बघून गेले असते.
"तरीबी उत्तर घरी जाणंच हाय."
असेल. पण मला ते गुरुजी आवडायचे.

२३ फेब्रुवारी
आज मजा. एका फोटोकडे बोट दाखवून रमेश म्हणतो, ही माझ्या आईच्या एकुलत्या एक भावाची एकुलती एक मुलगी. तर ती रमेशची कोण? बहीण, पत्नी, भाची, आत्या.
मी पत्नी मारलं. खोलीतल्या गोविंदला विचारलं, आमच्याच भागातला, चारठाण्याचा आहे तो. न बघताच म्हणाला, "बायको. यात विचारायचं काय?"
उत्तर बहीण.
गोविंदला पटंना. "बहिणीचा फोटो दाखवत कोण हिंडतं? इचार तिला."
विचारलं. शीतल फोनवर हसत सुटली. मग म्हणाली, "पुढचा घे."
मामालाही एकच पोरगी. हे मला फोन ठेवल्यावर सुचलं. तिला आधीच सुचलं असणार.

३ मार्च
आईचा फोन. मामाशी बोलणं झालंय. पेपर होऊ दे, मग बैठक, माझं न् शीतलचं लग्न उन्हाळ्यातच उरकायचं.
"आन् तिचं बी.एड.?"
"पेपर देऊ दे म्हणतो मामा. हौस फिटल. मग येईल की तुझ्यासंगं तिकडं. दोघांची भाकर तरी होईल."
म्हणजे पास झाली तरी कॉलेज नाही. शीतलला हे माहीत असेल का. असून रोज अभ्यास करायलीय का.
शीतल इथं, या वाळूत. डोळ्यापुढं आणून बघितलं. मला चांगलं वाटलं. मग वाईट.

१४ मार्च
सुपरवायझरशी वाजलं. गुजरातला टाइल्सच्या कारखान्यात जागा आहे. एरवी एव्हाना पिशवी भरली असती. आधीची तीन कामं अशीच सोडली. पण तिथं भट्टीपाशी फोन चालत नाही म्हणतात. राहिलो.
गोविंद म्हणतो, "पेपर तिचा आन् झोप तुझी उडाली. तूच हो मास्तर."

२९ मार्च
पेपर झाला. परभणीहून बसमधून बोलली. आवाज मोकळा.
"नात्याचा प्रश्न आला होता. तुझा रमेश आठवला."
"काय मारलंस?"
"पुस्तकातलं."
पुढं काही विचारायला धीर झाला नाही. उद्यापासून प्रश्न येणार नाहीत.

५ एप्रिल
आई: रविवारी बैठक. तू फक्त हो म्हण.
"शीतल काय म्हणती?"
"ती काय म्हणणार. मामाची हाय, आपलीच हाय."
सरळ विचारायला जमंना. दुपारभर बसून पुस्तकातल्यासारखा एक प्रश्न केला, तिला पाठवला:
अ ची आई ही ब ची आत्या. अ सातवीतून सुटला. अ प्लेटा पुसतो, एका जागी टिकत नाही. अ ला ब शी बोलायला लय आवडतं. ब हुशार आहे. तर ब ही अ ची कोण? १) बहीण २) पत्नी ३) मास्तरीण ४) सांगता येत नाही.

७ एप्रिल
वाचलंय. निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही. कोरं सोडायचं न्हाई म्हणणारी हीच.

९ एप्रिल
सकाळी आलं. "प्रश्नच अर्धा हाय. अ चं सगळं दिलंस. ब ला काय पाहिजे ते कुठाय? दुरुस्त करून पाठव."
दुरुस्त करायला बसलो. ब ला बी.एड. करायचंय. बरं, का करायचंय? कुठं राहून? मग पुढं काय? एकही ओळ सुचंना. अ च्या तीन ओळी धडाधड लिहिल्या होत्या. ब ची एकच, हुशार आहे म्हणून, ती पण कुणीही लिहील अशी. दोन महिने विचारत तीच होती, मी नुसती उत्तरं मारत होतो.
आईला फोन लावला. रविवारची बैठक थांबव म्हटलं.
"का रं? दुसरी कुणी हाय का?"
"न्हाई. प्रश्न चुकलाय."
"कसला प्रश्न?" मग बराच वेळ बोलत होती. मामाचं तोंड, लोकांचं तोंड. मी ऐकून घेतलं. थांबवते असं म्हणाली नाही. थांबवत नाही असंही नाही.
मग शीतलला लिहिलं: मला दुरुस्त करता येईना. ब ला काय काय पाहिजे ते तूच सांग. पर्याय देत नाही.
तिकडून टाईप करायलीय असं दिसायलंय. मधीच थांबतंय. परत दिसायलंय. गोविंद जेवायला हाका मारायलाय.
उत्तर मोठं असावं.