शेंदराखालची कडी

१७ नोव्हेंबर १९९१, रविवार
रविवार वाया. उजाडायच्या आत काशिनाथ गावाहून कल्याणला दारात हजर. चुलतभाऊ आहे, आणि हल्ली जमीन परत मिळवायच्या कमिटीचा पुढारीही. "मास्तर, तू शालंत इतिहास शिकवतस ना? मंग आपला लिव." सुनावणी लागलीय म्हणे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने गावची शेतं घेऊन विमानांची पट्टी बांधली, लढाई संपली की परत देऊ म्हणाले. विमानं गेली, पट्टी राहिली. नांगर अजून आमचेच चालतात, पण सातबाऱ्यावर सरकार. आता प्रत्येक घराने आपलं शेत नेमकं कुठे होतं ते दाखवायचं. बांध तर तेव्हाच मशीनने सपाट केलेले. पण आमच्या शेताच्या कोपऱ्यावर राखणदार देव बसलाय, म्हणून बाकीच्यांची मापं आमच्या देवापासून धरणार! म्हणजे गाव बुडालं तर आमच्या नावाने.

२४ नोव्हें.
गावी गेलो. पट्टीवर सगळ्या गावाचं भात वाळत पडलेलं, बाबा राखणीला बसलेले. म्हटलं, जमीन घेतली त्या दिवसाचं सांगा. गोरा साहेब काय म्हणाला?
"काय बोलनार? उठा, बोलला."
पुढे?
"पुढं आमी उठलो."
झाला इतिहास. यावर दोन पानं लिहा म्हणे. शेवटी 'सदर पाषाण पूर्वापार आमच्या शेताच्या कोपऱ्यावर असून' असं ठोकून दिलं, खाली माझी सही. चहा तेवढा भरपूर झाला.

१ डिसें.
आज राखणदाराला राखण दिली. कापणी झाली की दरवर्षी देतोच, कोंबडा, नारळ, शेंदूर. बाबांनी शेंदराचा हात फिरवला आणि आजोबांच्या काळापासूनचा थर, भाकरीएवढा जाड, एकदम गळून खाली. बायकांनी हात जोडले. कवच गळणं म्हणजे देवाने कूस बदलली. ते ठीक. पण आत पाषाण कुठाय? सिमेंटचा चौकोनी ठोकळा, कडा अगदी साच्यातल्या, आणि वर लोखंडी कडी.
काशिनाथ लगेच, "देवाचा कानातला हाय."
डोकं फिरलं. पट्टीच्या पलीकडच्या गवतात असले ठोकळे अजून आहेत. लहानपणी आम्ही त्यांना म्हशी बांधायचो. वाऱ्याने विमानं हलू नयेत म्हणून बांधून ठेवायच्या कड्या त्या! आणि आमची पिढ्यान्‌पिढ्यांची खूण ही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बाबांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांना सगळं ठाऊक. खरा दगड पहिल्याच दिवशी मशीनखाली गेला. लढाई संपल्यावर आजोबांनी या ठोकळ्याला शेंदूर फासला.
"मंग देवाला कुटंतरी बसवाला नको? ह्यो समोर होता. घट्ट होता. आता कोन हलवनार?"
पण जागा तीच ना?
"जवल जवलच."
जवळ म्हणजे किती? त्यांनी हात असा फिरवला की त्यात अर्धं गाव मावेल. इतकी वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत. मी विचारलंच नाही म्हणे!

५ डिसें.
शाळेत किरकोळ रजा टाकून ठाण्याला. खोपटला कमिटीच्या वकिलांकडे. त्यांनी शांतपणे ऐकलं, म्हणाले, "पुन्हा शेंदूर लावा आणि गप्प बसा." काशिनाथचं मत तेच. यांना गप्प बसायला काय जातं, सही माझी आहे. आणि खरं सांगितलं तर सगळ्या गावाची मापं हवेत.
घरी येऊन बायकोवर, सुमनवर, उगाच ओरडलो. ती भाजी निवडत म्हणाली, "दगड खोटा आहे. जमीन खरी आहे ना? की तीपण नाही?"
याचाही राग आला.

१५ डिसें.
रविवार असूनही मोजणीवाला आला. गाव गोळा. बाबांनी शेंदूर लावलेलाच नव्हता. ठोकळा उघडा, कडी उन्हात चमकतेय. मोजणीवाल्याने विचारलं, "हा दगड कधीचा?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मास्तर ना मी. तोंड उघडलं, पण काय बोलणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं.
तेवढ्यात बाबा, "ह्यो लढाईवाल्या सायबाचा. आमचा पट्टीखाली हाय. खोदा, गावंल."
काशिनाथने कपाळावर हात मारला. मोजणीवाल्याने टेप गुंडाळला. म्हणाला, पट्टी सरकारी, खोदायला सरकारची परवानगी लागेल, तसा अर्ज करा. म्हणजे ज्याने देव गाडला त्यालाच विचारायचं, उकरू का? तोवर मोजणी थांबली, सगळ्या गावाची. येताना कोणी माझ्याशी बोललं नाही. बाबांशी मात्र सगळे बोलत होते.
गावच्या घरी आल्यावर मी भडकलोच. काय गरज होती?
"देवाम्होरं खोटा बोलू?"
"अहो बाबा, तो देव नाही! सिमेंट आहे!"
बाबा माझ्याकडे बघत राहिले. शाळेत मी ढ पोराकडे बघतो तसे.
"अवरी वर्सं आमचा कोंबरा खाल्लान ना त्यानं?"
मनातून बरं वाटलं, तेही खरं. मला जे जमलं नसतं ते ते सहज बोलून गेले.
निघताना म्हणाले, पुढच्या रविवारी कल्याणहून शेंदूर आण, चांगला बघून, देव उघडा बसलाय.

१६ डिसें.
अर्ज लिहायला बसलो. 'विषय' पुढे अडकलोय. काय खोदायचंय म्हणून लिहू? दगड, देव, की शेत?
शाळेतून येताना शेंदूर आणलाय.