नाव तेच, मशीन दुसरं

प्रिय ताई,

फोनवर मी नुसता हूं हूं करतो, त्याचा राग मानू नकोस. बरं-वाईट काही वाटेनासंच झालंय. कामावर जातो, येतो, पुढ्यात येईल ते जेवतो. बायको म्हणते, घरात माणूस आहे की खुंटी तेच कळत नाही.

आमचा कारखाना बंद पडून पाच वर्षं झाली. बावीस वर्षं मी तिथे तपासणीला होतो. कपडे धुण्याच्या मशीनचं मागचं झाकण बसायच्या आधी शेवटची नजर माझी. अर्थिंगची तार जिथे बसते तिथला रंग आम्ही खरवडून काढायचो. रंगावरच स्क्रू आवळला तर तार पत्र्याला लागत नाही, नुसती शोभेला राहते, शॉक अडवत नाही. मग मालकांनी कंपनी विकली, म्हणजे फक्त नाव विकलं. घेणाऱ्यांना कारखाना नकोच होता. ते मशीन दूरदेशी दुसऱ्यांकडून बनवून घेऊ लागले आणि वर आमची पाटी चिकटवू लागले. मला त्यांनी दुरुस्तीच्या कामावर ठेवून घेतलं.

मशीन कुठलं घेऊ, असं तू विचारलंस तेव्हा मी छातीठोकपणे आमचंच सांगितलं. तोवर नवी चार-पाच मशीन मी उघडून बघितली होती. ड्रममागची तार आम्ही दोन क्लिपांनी बांधायचो, यांत एकच होती. अर्थिंगपाशी रंग न खरवडता तसाच. त्याच परदेशी कारखान्यातलं दुसऱ्या कंपनीचं मशीनही माझ्या हाताखालून गेलं होतं, त्यात सगळं जिथल्या तिथे होतं. म्हणजे तिकडच्या कामगारांचे हात वाईट नव्हते. आमच्या नव्या मालकांनीच स्वस्तात उरका म्हणून सांगितलं असणार. हे सगळं कळत होतं मला. पण ती पाटी दिसली की आपलंच वाटायचं, दुसरं नाव तोंडातून निघेना.

तुझ्या सासूबाईंना, माईंना, न्हाणीघरात मशीनचा शॉक बसून त्या गेल्या, त्यानंतर चार दिवसांनी भावोजींनी मला मशीन बघायला बोलावलं. तू आत पडून होतीस. मी मागचं झाकण काढलं. मोकळी तार पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती आणि अर्थिंगचा स्क्रू रंगावर बसवलेला होता. प्लगची जोडणी भावोजींनी स्वतः केलेली. ते माझ्या मागेच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "माझ्याच वायरिंगमुळे झालं ना?"

मी झाकण परत लावत होतो. म्हणालो, "तसंच दिसतंय."

नोकरी जाईल म्हणून तसं बोललो, अशी दोन वर्षं स्वतःची समजूत घालत आलो. पण नोकरीचा विचार मनात नंतर आला. ते मशीन मी घ्यायला लावलं होतं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मोडीत घालतो म्हणून मशीन मीच टेम्पोत घालून नेलं आणि तुम्ही वर माझेच आभार मानलेत.

गेल्या आठवड्यात तू बोलता बोलता सांगितलंस, की भावोजींनी हत्यारांची पेटी देऊन टाकली, साधा बल्ब गेला तरी शेजाऱ्यांना हाक मारतात, आणि आईला मीच मारलं असं एकदा जेवताना म्हणाले. तू पुढे हवापाण्याचं बोलत राहिलीस, मी हूं हूं करत राहिलो. ताई, हे पत्र त्यांना वाचून दाखव. त्या दिवशी त्यांचं वायरिंग मी मीटर लावून तपासलं होतं. ते चोख होतं. त्यांच्या हातून काहीही चुकलेलं नाही. मशीन मी मोडीत घातलं नाही, माझ्या मागच्या खोलीत आहे तसंच आहे. काल पोलिसांत आणि कंपनीत लेखी जबाब दिला, पोच माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी येतोय, हेच त्यांच्यासमोर सांगायला. मला घरात घ्यायचं की नाही, ते भावोजींना ठरवू दे. तू मध्ये पडू नकोस.

तुझाच,
धाकटा