दादाच्या नावानं दिलेली मोळी

कारखान्याचा तळ, प्रवरेच्या अंगाला.
फाल्गुन लागला, वार बुधवार.

तीर्थरूप दादास, धाकटी बहीण केशर हिचा दोन्ही हात जोडून नमस्कार. लंकावयनीला नमस्कार, चांगुणाला आशीर्वाद, आन् गोठ्यातल्या बैलांच्या पाठीवरनं माझा हात. आमी उभयता हितं धडधाकट हावोत. तुमचा खोकला गेला का, गुडघा वाकायला लागला का, ते कळवावं. (वाकत नसंल तर नवल न्हाई. तुमचं काहीच वाकत न्हाई.) एवढं तुमी-आमी रीतीपुरतं झालं, आता तू.

पत्र माझ्या हातचं हाय. दुसरीतनं आबानं मला शेळ्यांमागं धाडली, तेवढ्या अक्षरांवर लिहिते, चुकलं तिथं तू नीट करून वाच. आमचा मुकादम बन्सी म्हणत हुता, वयनी तुमी सांगा, मी लिहितो. पण बन्सी गोड माणूस. मी सांगणार की दादाचं डोकं फिरलंय, आन् तो लिहिणार की दादाची फार सय येते. म्हणून त्याच्याकडनं नुसता कागद घेतला.

तुझा निरोप पोचला. तुझ्या गावचा काकासाहेब, जो शेजारच्या टोळीत तोडीला हाय, तो गावाकडनं आला आन् माझ्या पाचटाच्या कोपीपुढं उभा राहून साऱ्या तळाला ऐकू जाईल असं बोलला. म्हणला, कारभारी म्हणत्यात, बहिणीनं भर तमाशात माझं नाव पुकारायला लावलं, गळ्यातल्या माळेला बट्टा लावला, आता माझी चांगुणा तिच्या गोरखला द्यायची न्हाई, सोयरीक मोडली. बरं. ऐकलं. भाकरी थापत हुते, थापतच राहिले. आता काय झालं ते माझ्याकडनं ऐक, कारण काकासाहेबानं तुला अर्धंच सांगितलंय. तो पहिल्या रांगेत फेटा बांधून बसला हुता, हे त्यानं सांगितलं का? न्हाईच सांगणार.

झालं असं की माघात कारखान्याचं मशीन मोडलं. भोंगा गप, धुराडं गप, तोड बंद. टोळीतल्या बाया म्हणल्या, चला, कापडं धुऊ, झोपू. मला बसवत न्हाई हे तुला ठावं हाय. मी ह्यांना म्हणले, इतकी सालं आपण ह्या मुलखात येतो, बघितलं काय? पाचट. पुढं ऊस, मागं पाचट. तुमी तोडायचं, मी मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत टाकायची. नेवासं एवढं जवळ, मोहिनीराजाची जत्रा भरलीय, ज्ञानोबारायांनी पाठ टेकलेला खांब तिथं हाय, आन् आपण बघायचं न्हाई? हे म्हणले, बघू. (ह्यांचं बघू म्हणजे न्हाई. पण मी ते कधी मानलेलं न्हाई, म्हणून संसार चाललाय.) गाडीत दशम्या ठेवल्या, पाण्याची घागर ठेवली आन् वाढ्याची एक मोठी मोळी ठेवली. ती मोळी कुणाची? तुझी. तूच सांगावा धाडला हुता ना, औंदा दुष्काळानं गावात काडी न्हाई, बैल गोठ्यात उपाशी उभे हायेत, उसाचे हिरवे शेंडे जमतील तसे धाड म्हणून. नेवाशातनं पाथर्डीला लॉरी जाती, तिच्यावर घालू, असा माझा बेत. म्हणजे निघताना पयल्यांदा माझ्या डोक्यात तुझे बैल हुते, तमाशा नव्हता, हे ध्यानात ठेव.

आता आमचे बैल. ते शहाणे हायेत, पण एकाच रस्त्यापुरते. रोज भरल्या गाडीवर हे झोपत्यात आन् बैल आपले आपण कारखान्यावर जाऊन रांगेत उभे राहत्यात. त्या दिवशी बी ह्यांनी कासरा धरला आन् सवयीनं डोळे मिटले. मी ऊन लागतंय म्हणून तोंडावर पदर घेऊन आडवी झाले. जाग आली तर गाडी थांबलेली, माणसांचा कलकलाट. मी म्हणले, आलं नेवासं, जत्रा लई मोठी दिसती. पदर काढून बघते तर पुढं उसाची गाडी, मागं उसाची गाडी, आन् डोक्यावर कारखान्याचं धुराडं. आमी दोघं धुवट कापडं नेसून गाळपाच्या रांगेत. मशीन बंद, म्हणून रांग हलंना. मागं सरकावं तर आधीच तोडून ठेवलेल्या उसाच्या आणखी गाड्या मागं येऊन लागलेल्या. फाटकावरचा राखणदार आला आन् चिठ्ठी मागायला लागला. गाडीत काय भरलंय, ऊस कुणाच्या शेतातला, असलं विचारू लागला, जसा काय मला लपवून आणलाय. तेवढ्यात मागचा गाडीवान ओरडला, "आक्का, दाजींना गाळायला आणलं व्हय?"

मी म्हणले, "न्या की. पण रस निघायचा न्हाई. घरीच गाळून आणलेत."

सगळी रांग हसली. हे बी हसले. (ह्यांना ते संध्याकाळी समजलं, मग जेवले न्हाईत.) हसल्यावर माणसं कामाची होत्यात. त्यांनी बैल सोडले, गाडी उचलून आडवी केली आन् आमाला रस्त्याला लावलं. तिथनं पुढं कासरा मी धरला. गाडी बाईनं हाकू नये असं तू म्हणशील. बापयानं हाकली तर कुठं जाती ते मी बघून आले हुते.

नेवाशात आधी खांब बघितला. मी डोकं टेकवलं, मागायचं ते मागितलं. (काय मागितलं ते देवाला ठावं, तुला कळवायची गरज न्हाई.) वळून बघते तर हे खांबाजवळच भिंतीला पाठ टेकवून, मांडी घालून, डोळे मिटून. घोरणं नव्हतं, हीच चूक. एका म्हातारीला वाटलं, कोणी साधुपुरुष ध्यानाला बसलाय. तिनं ह्यांच्या पुढं नारळ ठेवला आन् पायावर डोकं ठेवलं. मी ह्यांना हलवून जागं केलं तर म्हातारी माझ्यावर खेकसली, म्हणली, महाराजांची समाधी मोडू नको, नरकात जाशील. मी म्हणले, मावशे, ह्या महाराजांची समाधी मी रोज पहाटे मोडते, नरकात काय जायचं ते गेलेच हाय. पण नारळ ती परत घीना, म्हणून आणला.

मग मोहिनीराज. दादा, तू एवढी भजनं म्हणतो, तो देव नीट बघितलास का कधी? अर्धा बापया, अर्धी बाई, दोघं मिळून एक देव. मला एकदम आमचा बन्सी आठवला. तो बी आमा नवरा-बायकोला मिळून एकच कोयता म्हणतो. मी कितीदा भांडले, की राबणारी माणसं दोन, मग कोयता एक कसा. त्या दिवशी देवळात वाटलं, चला, देवाची बी तीच गत हाय. पण देवाला निदान दोन्ही अंगांनी दागिने घातलेत.

देव झाल्यावर लॉरी गाठली. लॉरीवाला म्हणला, टपावर बी माणसं बसलीत, तुमची मोळी माझ्या डोक्यावर ठेवू का. तर मोळी आमच्याच गाडीत राहिली. बैल दमलेले, म्हणून जत्रेच्या कडंला सावलीत गाडी सोडली. त्या सावलीसमोरच तमाशाचा फड हुता. ती मी शोधलेली न्हाई. सावल्या त्या माळावर दोनच हुत्या आन् दुसरीत पोलीस बसले हुते. वेळ दुपारची, देवाम्होरच्या हजेरीचा खेळ. देवानं ऐकलेलं चालतं, मग मी कोण लागून गेले? आणखी बाया बी आपापल्या गाड्यांत बसून लांबनंच बघत हुत्या, तोंडाला पदर लावून. पदराआड डोळे केवढाले झाले हुते ते मी बघितलं.

मी जवळ गेले ती गाण्यासाठी न्हाई. फडाचे बैल तिथंच बांधले हुते. त्यातल्या एकानं दाव्याला हिसका दिला आन् आमच्या गाडीत मागनं तोंड घालून तुझ्या मोळीचा लचका तोडला. मी चाबूक घेऊन धावले. दादा, मी चाबूक उगारला तर त्यानं डोळे मिटले, पण तोंडातला घास सोडला न्हाई. कातडं हाडाला चिकटलेलं, बरगडी न् बरगडी वेगळी. मला हात खाली आणता येईना. आन् त्याच घटकेला तिकडं साळूबाईनं गवळण धरली.

साळूबाई म्हणजे फडाची मालकीण. माझ्याच वयाची, केस पिकलेले, आता नाचत न्हाई, पोरी नाचत्यात आन् ही मागं उभी राहून गाती. गाण्यात काय हुतं? राधा दूध घेऊन निघाली आन् वाटंत किस्न आडवा आला. तुझ्या भजनात बी हेच असतं, फक्त तुमी ते खोकत म्हणता. पण ती आवाज असा वर न्यायची आन् तिथंच धरून ठेवायची, की ढोलकीवाला बी हात उचलून थांबायचा. मी जन्मभर डोक्यावर मोळ्या वाहिल्या. त्या घटकेला वाटलं, कुणीतरी मागनं येऊन माझ्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली. डोळ्याला पाणी आलं. कुसळ गेलं म्हणावं तर तिथं पाचट नव्हतं. हे कासरा घेऊन शेजारी उभे हुते. लग्न झाल्यापास्नं ह्यांनी बैलाकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं ते भाकरी मागायला. त्या दिवशी उगंच बघितलं. म्हणले, "केशर, बरं झालं आलो."

मग मी काय करायचं हुतं, सांग. तिथं रीत अशी की गाणं आवडलं तर माणसं काहीबाही देत्यात आन् देणाऱ्याचं नाव कर्ण्यावरनं पुकारलं जातं. दुष्काळात कुणी सुपारीचं खांड दिलं, कुणी नुसती वाहवा दिली. मी ह्यांना मोळी उचलायला लावली आन् गाणं संपल्यावर साळूबाईपुढं नेऊन ठेवली, म्हणले, तुझ्या बैलांना घाल. ती मोळीकडं बघत राहिली. मग विचारलं, "कुणाच्या नावानं पुकारू, बाई?"

आता मोळी कुणाची? तुझी. माझं नाव सांगितलं असतं तर भावाची वस्तू आपल्या नावानं दिली असं झालं असतं. असली चोरी माझ्याच्यानं झाली नसती. मी तुझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिनं कर्ण्यावर पुकारलं, "बोरवाडीचे कारभारी पाटील यांच्याकडून फडाच्या बैलांना हिरव्या वाढ्याची मोळी. मंडळ त्यांचं आभारी हाय." (पाटील तिनं आपल्या मनानं लावलं. तेवढं नको असंल तर परत घेते.) दादा, साऱ्या जत्रेनं टाळ्या वाजवल्या. आन् बैलांना चारा दिल्याबद्दल ज्याच्या नावानं टाळ्या पडल्या, त्याच्या माळेला बट्टा लागला म्हणतोस? मग ती माळ धुऊन घाल, आधीच मळली असंल.

मला लाज वाटली न्हाई, वाटत न्हाई, आन् तू गावभर बोंब मारलीस तरी वाटणार न्हाई. तुझे बैल मागं राहिले म्हणून राग असंल तर तो खरा राग हाय, तो मी डोक्यावर घेते. पण माळ, बट्टा, काळं तोंड हे मला सांगू नको. आन् त्यापायी चांगुणाची सोयरीक मोडायची? पोरगी पाळण्यात हुती तवापास्नं आत्याचा हक्क सांगून बसलेय मी. पण मोडायची तर मोड. माझ्या गोरखला पोरींचा तोटा न्हाई. आमच्या टोळीतच हायेत, मोळी उचलणाऱ्या, गाडी हाकणाऱ्या. मी पाया पडायला येणार न्हाई. मशीन नीट झालंय, तोड चालू हाय, मला सवड बी न्हाई.

हे तुला नमस्कार सांगत्यात. (सांगत न्हाईत, झोपलेत. पण जागे असते तर सांगितला असता.)

तू मान न मान, तुझ्या पाठची सख्खी,
केशर

ता. क. हे पत्र बन्सीच्या हाती देते हाय. तो लॉरीनं गावाकडं निघालाय. त्याच्याबरोबर तुझ्या बैलांना दोन मोळ्या धाडल्यात. रागानं परत लावू नको. माळ तुझ्या गळ्यात हाय, बैलांच्या न्हाई.

ता. क. साळूबाईचा फड जत्रा करत करत तुमच्या अंगाला निघालाय. तिनं विचारलं, एवढा दिलदार माणूस राहतो कुठं. मी सांगितलं, मारुतीच्या मागचं घर. दारात येतील. बैलांना पाणी दे. आन् ती ओट्यावर बसून गवळण म्हणायची म्हणली तर म्हणू दे. तू आतनं कडी लावून ऐक, मी कुणाला सांगत न्हाई.

ता. क. गोरखला पोरींचा तोटा न्हाई असं वर लिहिलंय, ते लिहायचं म्हणून लिहिलं. खांबापुढं मी चांगुणाच मागितली. नेवाशात तिच्यासाठी हिरवं लुगडं घेतलं, चांगल्या काठापदराचं, अंगाला लावून बघितलं बी न्हाई. ते लॉरीत कुणी लांबवू नये म्हणून मोठ्या मोळीच्या पोटात, वाढ्यात गुंडाळून बांधलंय. वयनीच्या हातानं सोड आन् चांगुणाला दे. ठेवून घेतलंस तर सोयरीक ठेवली असं मी समजेन. हिरव्यात हिरवं, बैलाला काय कळतंय, म्हणून हे मी पत्राच्या पयल्या वळीत लिहायला पाहिजे हुतं, पण रागात राहून गेलं, आन् आता कागद संपला. तू आधी मोळ्या गोठ्यात टाकून मग सावकाश पत्र वाचायला बसला असशील, तर दादा, पत्र खाली ठेव आन् पळ.