मित्रोवदानच्या दिवशी केलेली तडजोड

२ नोव्हेंबर. वाल्येवो, सर्बिया.
अकरा तारखेला आमच्या वकिली ऑफिसचा प्रमुख निवडायचा. मीच होणार. फक्त राडिसाव आणि मिलोये या भावांची आलुबुखाऱ्याची बाग वाटून दिली, की झालं. नऊ वर्षं बोलत नाहीत. केस आजपर्यंत माझ्या हाताखालच्या दुन्याकडे होती. ही बाई त्यांच्या घरी जाऊन कॉफी पिते, त्यांच्या म्हाताऱ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करते. फाइल काढून घेतली. संकल्प : कणखर नेतृत्व.

५ नोव्हेंबर.
दोघांना समोरासमोर बसवलं. प्रत्येकाची बाजू किती लंगडी आहे ते सविस्तर वाचून दाखवलं. राडिसावने अ‍ॅशट्रे फेकला, मिलोयेने खुर्ची. दोन काचा गेल्या, माझा एक दात गेला. दोन्ही पक्ष मोकळे होताहेत. चांगलं लक्षण.

७ नोव्हेंबर, सकाळ.
राडिसावने पहाटे भावाची तीस झाडं तोडली. मिलोयेने बंदूक काढून त्याच्या ट्रॅक्टरची चारही टायरं उडवली. दुन्या म्हणाली, सर, आजच जा आणि माफी मागून या, नाहीतर कुणाचा तरी मुडदा पडेल. मी म्हणालो, वकील माफी मागत नसतो, मुदत मागतो. (हे भाषणात घालणे.)

दुपारी सुचलं! उद्या मित्रोवदान, त्यांच्या घराच्या संताचा दिवस. त्या दिवशी दार उघडंच असतं. येईल त्याला जेवू घालतात, हाकलत नाहीत. आईखातर दोघे एका टेबलाशी बसतात, पाठ फिरवून का होईना. नोटीस तिथेच बजावायची. बिनधोक काम.

८ नोव्हेंबर. हॉस्पिटल.
डावा हात प्लास्टरमध्ये. उजवा शाबूत, म्हणून नोंद.

भावांच्या घरी संतापुढे मेणबत्ती लावलेली. म्हातारीने प्रसादाचे गहू पुढे केले. म्हणाली, बस बाबा, आधी चमचाभर तोंडात घाल, मग कामाचं बोल. मी म्हणालो, आधी काम. उभ्यानेच वाचलं : तडजोड न झाल्यास बाग विकणे, घर विकणे, आईची सोय वृद्धाश्रमात. म्हातारी रडायला लागली.

राडिसाव उठला. नऊ वर्षांत भावाशी पहिल्यांदा बोलला : "मिलोये, याचे पाय धर रे." मिलोये म्हणाला, "दादा, जरा थांब. पाहुणा आहे." दोघांनी मला अदबीने उचलून फाटकाबाहेर नेलं. कोट घातला, बटणं लावली. मग फाटक ओढून घेतलं आणि मला बडव बडव बडवलं. जबडा, दोन बरगड्या, हात. फौजदारी करणार.

१० नोव्हेंबर.
दुन्या म्हातारीकडे जाऊन बसली होती म्हणे. भावांनी आज तडजोडीवर सह्या केल्या. म्हणजे माझी पद्धत लागू पडली! उद्या मतदान. भाषण तयार. जबड्याला तारा आहेत, कुणीतरी वाचून दाखवेल.

११ नोव्हेंबर.
दुन्या. एकमताने.

संध्याकाळी सूप घेऊन आली. फार दुखतंय का, म्हणाली. चार दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. औषधांमुळे असेल. म्हटलं, आपणही माणुसकीने विचारावं, त्यात काय मोठंसं. कागदावर लिहिलं : तुझी आई कशी आहे?

तिने वाचलं. म्हणाली, "आई मार्चमध्ये गेली, सर. मी रजेचा अर्ज दिला होता. तुम्ही 'कारण अस्पष्ट' असा शेरा मारून परत पाठवलात."

मग सूप निवतंय म्हणाली आणि चमचा माझ्या तोंडाशी धरला.