लायब्ररीतल्या बाईंचं कुलूप

मंगळवार, ३ मार्च

आज जिभेने घात केला.

सकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी रस्त्याकडे पाठ करून किल्ली कानशीने घासत होतो. मामाला म्हटलं, "तुझी ओसीडीबाई आली नाही वाटतं अजून?" मामा खाकरला. वळून बघतो तर लायब्ररीतल्या बाई काउंटरला हात टेकून उभ्या!

वाटलं, आता आपला उद्धार होणार. त्या शांतपणे म्हणाल्या, "आजाराचं नाव तेच आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगणार? कॉलेजात आम्ही उठता-बसता म्हणायचो. वर्गातली ती तर रोजच. पेनं रंगाप्रमाणे लावायची, माझी कॉलर सरळ करायची आणि म्हणायची, मी ना जाम ओसीडी आहे. मी त्या वाक्यावर फिदा होतो. मला वाटायचं, नीटनेटक्या मुलींचा तो एखादा दागिना असावा.

बुधवार, ४ मार्च

मामाकडून सगळं काढून घेतलं. बाई मागच्या गल्लीत एकट्या राहतात. साडेनऊला दाराला कुलूप लावून निघायच्या, दहा पावलं जायच्या, परत येऊन कुलूप ओढून बघायच्या. पुन्हा दहा पावलं, पुन्हा परत. वीस-वीस वेळा. बोटं सोलून निघायची. दोन वर्षांपूर्वी एकदा रडकुंडीला येऊन मामाला म्हणाल्या, भाऊ, तुम्ही कुलपातले जाणकार, तुम्ही एकदा बघता का? मामाने बघितलं आणि वर एक चिठ्ठी दिली : 'कुलूप लागलेलं पाहिलं.' तारीख, वेळ, सही. चिठ्ठी पर्समध्ये टाकून बाई निवांत कामावर गेल्या.

तेव्हापासून रोज चिठ्ठी. पुढे पुढे दुपारीही फोन. मामा जेवण अर्धं टाकून गल्लीत जाऊन बघून येतो.

मामा म्हणाला, आमच्या लहानपणी याला मंत्रचळ म्हणायचे आणि हसायचे. मी निदान हसत तरी नाही.

टोमणा मलाच होता.

मोबाइलवर अर्थ बघितला. ऑब्सेशन म्हणजे नको असताना डोक्यात ठाण मांडून बसलेला विचार. कम्पल्शन म्हणजे त्या विचाराचं तोंड बंद करायला करावीच लागणारी गोष्ट. आणि डिसऑर्डर कधी म्हणायचं? माणसाचा दिवसच्या दिवस त्यात जायला लागला की. पेनांचा कुठे उल्लेख नाही.

आज तिचं 'लास्ट सीन' एक्केचाळीस वेळा बघितलं. मोजलं म्हणून कळलं. मलाही हेच आहे की काय?

शनिवार, ७ मार्च

बाई आज चिठ्ठी घ्यायला आल्या नव्हत्या, चिठ्ठी बंद करायला आल्या होत्या.

त्यांची मुलगी दूरच्या शहरात असते. दिवस भरलेत, अवघड आहे, सतराला ऑपरेशन करून बाळ काढणार. बाईंनी सोळाच्या सकाळच्या गाडीने निघायचंय. मुलीच्या लग्नाला बाई पोचल्याच नव्हत्या. स्टेशनवरून परत आल्या होत्या, कुलूप बघायला. स्वतःच्या मुलीच्या लग्नाला! मुलीने या वेळी बजावलंय : आई, आताही नाही आलीस तर मी पुन्हा बोलावणार नाही.

आणि डॉक्टर म्हणतात, चिठ्ठी हे आजाराचं खाणं आहे. चिठ्ठीगणिक तो माजतो. बंद करा.

मामाचा चेहरा उतरला. दोन वर्षं एवढ्या मायेने भरवलं ते कुणाला! मशीनवर जाऊन कुणी न सांगितलेल्या किल्ल्या कापत बसला.

मग प्रश्न असा की नाही कोण म्हणणार? मामाच्या तोंडून नाही निघत नाही. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हा चालेल. याची जीभ कडू आहे."

याच जिभेने विभागप्रमुखांना भर वर्गात नको ते बोललो आणि दुसऱ्या वर्षाच्या मधेच दप्तर उचलून बाहेर पडलो. तिने तेव्हाच बोलणं तोडलं. आज पहिल्यांदा या जिभेला कुणी काम दिलं.

वाक्य डॉक्टरांनीच दिलंय, जसंच्या तसं म्हणायचं : असेल, नसेल. मला माहीत नाही.

सोमवार, ९ मार्च

पहिला दिवस. बाई काउंटरला बारा मिनिटं उभ्या होत्या. मी वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, नुसतं हो म्हण, लिहू नकोस. मी पुन्हा वाक्य म्हटलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. पोस्टमन आला होता, तो माझ्याकडे असा बघत होता जसा मी म्हातारीची पर्स हिसकावलीय.

शेवटी गेल्या. कामावर, घराकडे नाही.

मामाने आज माझ्याबरोबर चहा घेतला नाही.

मंगळवार, १० मार्च

सात फोन. सातही वेळा तेच. आठव्याला मीच रडलो असतो, पण आला नाही.

गुरुवार, १२ मार्च

चारच फोन. संध्याकाळी बाई दुकानात बसल्या होत्या, मामा बाहेर गेला होता. का कोण जाणे, मी सांगून टाकलं. तिच्याबद्दल, लास्ट सीनबद्दल, एक्केचाळीसबद्दल. म्हटलं, बाई, मलाही तुमचंच आहे.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुला बघावंसं वाटतं म्हणून तू बघतोस. मला बघायचं नसतं रे. मला ठाऊक असतं की लागलंय. तरी हात धरून कुणीतरी मागे ओढत नेतं."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुझं ते प्रेम असेल नाहीतर हट्ट असेल. त्याला माझ्या आजाराचं नाव देऊ नकोस. मला ते फार महागात पडलंय."

आजाराचं नाव मिळालं असतं तर बरं झालं असतं. त्यावर गोळी तरी असते. हट्टाला काय असतं?

ती बघते का कधी माझं?

शुक्रवार, १३ मार्च

चष्म्या आला होता. वर्गातला एवढा एकच अजून येतो. भिंतीवरच्या किल्ल्या मापाने लावलेल्या बघून हसला, काय रे, ओसीडी झाला की काय तुला? मी त्याची गचांडी धरली. शर्टाचं बटण तुटलं. तो म्हणाला, कॉलेज सुटलं पण माज सुटला नाही. गेला.

बटण माझ्याकडेच राहिलंय. आता तोही येणार नाही.

त्याला काय ठाऊक? मीसुद्धा दहा दिवसांपूर्वी तेच म्हणत होतो.

रविवार, १५ मार्च

उद्याचं ठरलं. मी बॅग घेऊन रिक्षास्टँडपर्यंत जाणार. कुलूप एकदाच दाबायचं, ओढून बघायचं नाही. मीही बघायचं नाही. आणि त्या गेल्यावर गल्लीत पाऊल टाकायचं नाही. बाई म्हणाल्या, तू बघून आलास तर तुझ्या आवाजावरून मला कळेल.

सोमवार, १६ मार्च

मी बॅग धरून दाराकडे पाठ करून उभा होतो. मागे कडी वाजली. मग बराच वेळ काही नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. म्हटलं, "चला." आवाज मुद्दाम कडक काढला. चपला वाजल्या, चालायला लागल्या.

रिक्षात बसेपर्यंत तीनदा थांबल्या. तीनदा म्हटलं, चला.

दुकानात पोचतो तोच स्टेशनवरून फोन. वाक्य म्हटलं. दुसरा फोन. वाक्य. तिसऱ्या वेळी त्या काही विचारतच नव्हत्या, नुसत्या हुंदके देत होत्या. मामा माझ्या तोंडाकडे बघत होता. मनात आलं, म्हणून टाकावं, लागलंय हो बाई, जा निर्धास्त! एवढंच तर हवंय त्यांना. दात आवळले आणि वाक्य म्हटलं.

चौथा फोन. "गाडी आली," म्हणाल्या आणि बंद झाला.

चढल्या की नाही? दिवसभर बाईंचा फोन नाही. दुकान बंद होईस्तोवर रस्त्यावर त्या दिसतात का बघत होतो.

मंगळवार, १७ मार्च

मुलगी झाली. दोघी सुखरूप. बाईंनी स्वतः फोन केला, तोही मामाला. कुलपाचं काही विचारलं नाही!

मामाने चहा मागवला. दोन.

शुक्रवार, २० मार्च

गंमत बघा. कुलूप आता माझ्या डोक्यात. तो कडीचा आवाज होता की कुलपाचा? मी घाई केली का? गल्ली दोन मिनिटांवर आहे. पण शब्द दिलाय. गेलो नाही. हात बांधून बसणं म्हणजे काय असतं ते थोडं कळलं. थोडंच.

आणखी एक. सोमवारपासून तिचं लास्ट सीन बघितलंच नव्हतं. आज बघितलं. फोटो नाही, वेळ नाही, पाठवलेलं पोचत नाही. ब्लॉक केलंय. कधी केलं कोण जाणे. या चार दिवसांत, माझं लक्ष नसताना.

जेवलो नाही. कुणी विचारलंही नाही. मामा समजला असावा, किल्ल्यांचा डबा पुढे सरकवला.

रविवार, २२ मार्च

मागच्या गल्लीत एका घराची किल्ली आतच राहिली म्हणून बोलावणं आलं. काम आटोपून खाली मान घालून निघालो होतो. तरी बाईंच्या दारापाशी मान वर झालीच.

कुलूप कडीत नुसतं लटकत होतं. दाबलंच गेलं नव्हतं.

कुलूप काढून दार ढकललं. फळीवर पालथा कप, खुर्चीवर घडी घातलेली शाल, पुस्तकं. सगळं जागच्या जागी. सहा दिवस दार उघडं होतं आणि कुणाचा पायही आत पडला नव्हता.

बाहेर येऊन कुलूप दाबलं. एकदाच. बाई परवा येतायत, बाळाचे फोटो दाखवणार आहेत. मामाला सांगितलं नाही. बाईंना तर मरेपर्यंत सांगणार नाही.