पाच डबे आणि एक पडदा

८ नोव्हेंबर, शनिवार

स्वतःच्या हातानं केलं: तेलाच्या पिंपांचे पत्रे कापून पाच डबे, डाख देऊन सांधलेले. पाच झाकणं. प्रत्येक झाकणाला चीर — चिंचोका उभाच जाईल, आडवा अडकेल. कडा कानशीनं घासल्या, कोणाचं बोट कापायला नको. शिकवलं कोणी नाही, पण एकही डबा डुगडुगत नाही!

मराठी मंडळाची मागची खोली रिकामी पडून आहे. वाचनालय, तबल्याचा वर्ग, पाळणाघर, गौतमभाऊंच्या भांड्यांचं गोदाम, की माझी औजारांची कार्यशाळा — नुसती भांडणं! उद्या ज्याला त्याला पाच चिंचोके. हव्या त्या डब्यात, हवे तेवढे टाका.

मंजिरी बीरगावच्या कारखान्यात हिशेब पाहते. पाळणाघर झालं नाही तर पोरीपायी नोकरी सोडणार.

कार्यशाळा माझ्या मनात वीस वर्षं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

फजिती! मला सोडून माणसं एकतीस, आणि पाचही डब्यांत एकतीस-एकतीस! प्रत्येकानं सगळीकडे एकेक टाकला.

कुसुमताई म्हणाल्या, "गौतमभाऊ समोरच बसले होते न! त्यांच्या डब्यात काहून नाही टाकणार?"

बायको, कौमुदी, घरी येईपर्यंत हसत होती. "तुम्ही मत मागितलं, लोकांनी वाण वाटलं!"

मंजिरी जाताना एवढंच — "राहू द्या काका. राजीनामा लिहून ठेवते."

११ नोव्हेंबर

चूक लोकांची नाही, माझ्या रचनेची. कौमुदीची जुनी चादर मागितली. पडदा शिवला, दुहेरी टीप. आता चिंचोका एकच.

१६ नोव्हेंबर, रविवार

पडद्यामागं एकेक जण गेला. पाळणाघर चौदा, वाचनालय नऊ, गोदाम पाच, तबला दोन. कार्यशाळा — एक! आणि मी तर टाकलाच नव्हता.

कौमुदीला विचारलं, "तुझा?"

"मले काय विचारता? पडदा कोणी लावला?"

मंजिरी हसता हसता रडली. मी मापाची फीत काढली; पाळण्यांना कड्या कुठं लावायच्या ते पाहून आलो. वाईट वाटलं, थोडं. जेवण मात्र छान गेलं.

१७ नोव्हेंबर

कौमुदीलाही सांगितलं नाही, इथं लिहितो. शुक्रवारी गौतमभाऊ आले होते. "परदा काढून टाका, नरहरीभाऊ. एकच चिंचोका, माझ्या तोंडावर कोण नाही म्हणते? कार्यशाळेसाठी माझी गोल बाजारातली वरची जागा घ्या. मशिनींसाठी दोन लाख वेगळे."

चहा पाजला. नाही म्हणालो.

दोन लाख.