मिठाची टाकी आणि तुमची लेक

सौ. विहीणबाईंना,

मनापासून नमस्कार. व्याह्यांनाही सांगावा. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की अजून रुसलेलाच आहे? व्याह्यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं, की त्यांनी ते पुन्हा स्वतःच उघडून ठेवलं? (त्यांना सांगा, उघडणं सोपं असतं. त्याविषयी खाली सविस्तर येतंच आहे.) इकडे आम्ही सगळे खुशाल. ह्यांचा उजवा कान पाणी जाऊन बसला होता, तो काल सुटला, त्यामुळे घरात आता पुन्हा हळू आवाजात बोलावं लागतं.

फोन असताना ही बाई पत्र का लिहिते, असं तुमच्या मनात येणार. मी सगळी नोकरी टेलिफोन ऑफिसात केली, लोकांच्या लाइनी जोडून दिल्या. फोनवर बोललेलं किती जण ऐकतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल? शिवाय तुमच्याकडे व्याही फोन स्पीकरवर टाकतात आणि आमच्याकडे भिंती पातळ आहेत. तेव्हा पत्रच बरं. आणि हे पत्र आभाराचं आहे. आभार फोनवर मानले की समोरचा 'अहो त्यात काय एवढं' म्हणून मधेच तोडतो आणि अर्धे आभार आपल्याकडेच राहतात.

आमच्या बाथरूमबाहेरच्या अरुंद बाल्कनीतलं ते यंत्र तुम्हाला आठवत असेल. तुम्ही आलात तेव्हा त्यावर कपड्यांची टोपली होती, म्हणून तुम्हाला ते वॉशिंग मशीन वाटलं आणि तुम्ही त्याचं कौतुकही केलंत. (मी तेव्हा काही बोलले नाही. कौतुक कशाचंही असो, येऊ द्यावं.) ते पाणी मऊ करायचं यंत्र आहे. एक उंच नळकांडं, त्यात बारीक मणी, आणि शेजारी मिठाची टाकी. आमच्याकडचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, किटलीत खडूसारखा थर बसतो आणि धुतलेले केस काथ्यासारखे होतात. पाण्यातला क्षार ते मणी धरून ठेवतात. मग यंत्र मिठाचं पाणी ओढून मणी धुतं, की ते पुन्हा कामाला तयार. आपण फक्त मीठ घालत राहायचं, अधूनमधून टाकी घासायची आणि एक चिमुकली जाळी धुवायची. एवढंच काम. ते आमचे चिरंजीव करतात, म्हणजे करणार असतात.

गेल्या महिन्यात चिरंजीव कामासाठी परगावी गेले आणि यंत्राने ओळखलं, आता घरात विचारणारं कुणी नाही. आधी काचेच्या पेल्यांवर पांढरे डाग आले. मग बादलीतला साबण दह्यासारखा फुटायला लागला. हे रोज सकाळी टाकीचं झाकण उघडत, आत बघत, 'मीठ काठोकाठ आहे' असं जाहीर करत आणि झाकण लावत. मेकॅनिकला फोन केला की तो म्हणे, 'निघालोच आहे.' आठवडाभर तो निघालेलाच होता. एवढ्या वेळात माणूस पृथ्वीप्रदक्षिणा करून, वाटेत दोन यंत्रं दुरुस्त करून आला असता.

या सगळ्यात तुमच्या लेकीने तक्रारीचा एक शब्द काढला नाही, आणि विहीणबाई, मला तेच खुपत होतं. एके दिवशी मी पाहिलं, ती टॉवेलखाली लपवून पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या बाथरूममध्ये नेत होती. केस धुवायला. मला कळू नये, वाईट वाटू नये म्हणून लपवून! घरात आल्यापासून तिने कधी 'नको' म्हटलेलं मी ऐकलं नाही. भाजी खारट झाली तरी 'छान झालीय आई'. पंखा वाढवला तरी चालतं, बंद केला तरी चालतं. आता ज्या माणसाला सगळंच चालतं, त्याचं अडतंय कुठे हे दुसऱ्याने ओळखायचं कसं? खरं सांगते, मला भीती वाटायची. वाटायचं, ही इथे पाहुणीसारखी राहते आहे. पाहुण्यांनाही सगळं चालतं, कारण त्यांना घरी जायचं असतं.

म्हणून रविवारी चहा झाल्यावर मी म्हटलं, "आपण दोघीच ते यंत्र साफ करू या का?" ती म्हणाली, "चालेल." (दुसरं काय म्हणणार?) तिने मोबाइलवर व्हिडिओ शोधून काढला. त्यात एक गोरागोमटा माणूस स्वच्छ शर्ट घालून सगळं करतो आणि शेवटपर्यंत तो शर्ट कोरडाच राहतो. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी झाडूचा दांडा घेतला आणि मिठात खुपसला. तो आत जाईना. टकटक असा आवाज आला, जसा दार वाजवल्यावर यावा. जोर लावला, तशी मिठाची खपली फुटली आणि दांडा थेट तळाला जाऊन आदळला. वर मिठाचं छप्पर आणि खाली नुसती पोकळी! पाणी त्या मिठाला शिवतच नव्हतं. म्हणजे हे रोज सकाळी काठोकाठ भरलेलं छप्पर बघून समाधानाने झाकण लावत होते. त्यांच्या कानावर ही बातमी गेली तेव्हा ते म्हणाले, "वरून तर भरलेलीच दिसत होती." आणि मदतीला आले. विहीणबाई, संकटं एकेकटी येत नाहीत ती अशी.

आम्ही मीठ उपसलं, तळाचा करडा चिखल काढला. तुमच्या लेकीने खांद्यापर्यंत हात घालून टाकी अशी घासली की मी बघत राहिले. चिखलात तिच्या हाताला काहीतरी लागलं. बाहेर काढलं तर आमचा हरवलेला पेचकस! आता हा पेचकस म्हणजे साधी गोष्ट नव्हे. तो वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी नेला आणि परत केला नाही, अशी ह्यांची पक्की खात्री होती आणि त्यावरून ह्यांनी दंतवैद्यांशी अबोला धरला होता. (दंतवैद्यांना या अबोल्याचा पत्ता नव्हता. ते जिन्यात भेटले की दात बघून हसत, आणि हे ओठ मिटून घेत.) पेचकस बघून ह्यांचा चेहरा असा झाला की तुमची लेक पहिल्यांदा हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली.

मग राहिली ती चिमुकली जाळी. ती यंत्राच्या डोक्यात एका टोपणाखाली बसलेली असते आणि टोपण काढण्याआधी यंत्राकडे जाणारं पाणी बंद करायचं असतं. त्यासाठी मागे एक मूठ आहे आणि मुठीवर एक बाण. बाण म्हटल्यावर हे पुढे सरसावले. तुम्हाला माहीतच आहे, ह्यांची नोकरी रस्त्यांवरच्या पाट्या आखण्याची. हजारो लोकांना ह्यांच्या बाणांनी घरी पोचवलं आहे. (ह्यांना स्वतःला मात्र मी पोचवते.) ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला, बाणाचा अभ्यास केला आणि मूठ फिरवली. तुमची लेक म्हणाली, "बाबा, व्हिडिओत ते बहुतेक..." हे म्हणाले, "हा बाण वाहत्या दिशेचा आहे." ती म्हणाली, "चालेल."

मी त्याच पेचकसाने टोपणाचे स्क्रू सोडवले. शेवटचा स्क्रू निम्मा फिरला आणि पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण माझे डोळे मिटलेले होते. पाण्याची धार आधी छताला लागली, तिथून ह्यांच्या उजव्या कानात शिरली आणि मग जिकडे वाट मिळेल तिकडे गेली. मी भोकावर हात ठेवला. धार माझ्या बाहीतून वर चढून गळ्यातून बाहेर पडली. हे 'मेन व्हॉल्व्ह! मेन व्हॉल्व्ह!' असं ओरडत गच्चीकडे पळाले. आणि त्या गदारोळात, विहीणबाई, तुमची ती मवाळ, सगळं चालवून घेणारी लेक केवढ्यांदा तरी ओरडली, "अगं आई, सोडू नकोस! अंगठा दाब, अंगठा! हात हलवलास तर बघ!"

मी हात हलवला नाही. सगळं पाणी अंगावर घेत, तोंडात मिठाची चव घेऊन, मी पुतळ्यासारखी उभी राहिले. आवाज ओळखण्यात माझी हयात गेली आहे. कुणी घाबरून बोलतं, कुणी गोड बोलतं, कुणी बोलायचं म्हणून बोलतं. हा आवाज हक्काचा होता. तुमची लेक ओल्या फरशीवर आडवी झाली, टाकीमागे हात घातला आणि ह्यांच्या बाणाच्या बरोबर उलट दिशेला मूठ फिरवली. पाणी थांबलं.

हे मात्र तोवर गच्चीवर पोचून व्हॉल्व्ह बंद करून विजयी मुद्रेने खाली आले होते. त्यांच्या पाठोपाठ दंतवैद्य आले. कमरेला टॉवेल, डोक्यावर शाम्पूचा फेस आणि एक डोळा मिटलेला. ह्यांनी त्यांच्या घरची लाइन बंद केली होती. ते काही बोलायच्या आत हे इतके गांगरले की माझ्या हातातला पेचकस घेऊन त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "माफ करा, हा तुमचा." दंतवैद्यांनी एका डोळ्याने पेचकसाकडे बघितलं, "थँक यू" म्हणाले आणि तो घेऊन गेले.

तुमची लेक भिंतीला टेकून खाली सरकली आणि हसायला लागली. हसता हसता उचकी लागली. मग मीही हसायला लागले. चिंब भिजलेल्या दोघी बायका चिखलात बसून हसताहेत आणि हे एका कानाने 'काय झालं? काय झालं?' विचारताहेत. तुम्ही हे बघायला हव्या होतात.

मग आम्ही जुन्या टूथब्रशने जाळी घासली, टोपण बसवलं (सुरीच्या टोकाने, कारण पेचकस वर गेला होता), नवं मीठ घातलं आणि यंत्राला धुवायला लावलं. ते इतकं समाधानाने गुळगुळ करू लागलं की आम्ही तिथेच बसून ऐकत राहिलो. संध्याकाळी साबणाला फेस आला. तुमच्या लेकीने बाटल्यांशिवाय केस धुतले आणि बाहेर येऊन वेणी घालायला केस माझ्या हातात दिले. रेशीम हो, रेशीम!

तर याबद्दल आभार. टाकीबद्दल नव्हे. तुम्ही अशी मुलगी वाढवलीत की जी वेळ आली तर ओरडते, आणि बरोबर ओरडते. ती आमच्या घरी पाठवलीत, याबद्दल. लोभ आहेच. तो आता वाढवायला जागा नाही, आहे तेवढा राहू द्या.

तुमची,
विहीण

ता. क. – ह्यांनी पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं, बाण छापणाऱ्याची चूक होती हे नोंदवावं. नोंदवलं. दुसरं त्यांचं म्हणणं, तुमची लेक 'अगं आई' मला उद्देशून म्हणालीच नाही. अंगावर पाणी पडलं की कुणीही 'आई गं' म्हणतं, तसं ती म्हणाली. मी त्यांना विचारलं, मग 'सोडू नकोस' कुणाला म्हणाली? व्हॉल्व्हला? तेव्हापासून त्यांना पुन्हा कमी ऐकू येतंय.

आणखी ता. क. – खरं काम आता सांगते. त्याच संध्याकाळी तुमची लेक माझ्यापुढे येऊन मान खाली घालून म्हणाली, "आई, सकाळी मी तुम्हाला एकेरी बोलले. पुन्हा नाही होणार." मला म्हणायचं होतं की होऊ दे, रोज होऊ दे. पण तोंडातून निघालं, "उद्या मीठ आणायला हवं." आणि तेव्हापासून घरात पुन्हा 'अहो आई' सुरू झालं आहे. मोठ्यांना 'अहो' म्हणावं हे तुम्ही तिला शिकवलंत, आणि ते योग्यच. पण तुम्हीच तिला कधी बोलता बोलता सांगाल का, की सासूला 'अगं' म्हटलं तरी चालतं? मी सांगितलं तर ती 'चालेल' म्हणेल, आणि मग ते चालवून घेतलेलं असेल. ती हाक तुमची आहे, मला ठाऊक आहे. सगळी मागत नाही. थोडी द्या.

शेवटचा ता. क. – पत्र मिळाल्याबरोबर फोन करू नका. चार दिवस जाऊ द्या, नाहीतर तिला संशय येईल. फार हुशार आहे. तुमचीच आहे ना. अजून तरी.